सर वाट चुकतात तो दिवस

कोल्हापूर,
ज्येष्ठ महिना (तिथी बघायला कॅलेंडर काढावं लागेल, ते तुमच्या अण्णांच्या डोक्यावरच्या खिळ्याला आहे आणि अण्णा आत्ता कुठं डोळा लागून झोपलेत. तिथीवाचून पत्र पोचतं.)

प्रिय भूपालभावजींना,

सप्रेम जयजिनेंद्र. चिरंजीव लिहावं तर तुमची पासष्टी उलटलेली, तीर्थरूप लिहावं तर तुम्ही धाकटे दीर, म्हणून मधला मार्ग काढून 'प्रिय' लिहिलंय. जाऊबाईंना दाखवा, म्हणजे गैरसमज नको. त्यांचा गुडघा कसा आहे? हुबळीच्या त्या वैद्याचं तेल लावतात की अजून नुसतं उशाशी ठेवतात? आमच्याकडे सगळं क्षेमकुशल आहे. माझं बीपी गोळीवर आहे, नळाला पाणी एक दिवसाआड आहे आणि शेजारच्यांनी नवा कुत्रा आणलाय तो फक्त पोस्टमनवर भुंकतो. तेव्हा ह्या पत्राचं उत्तर फोनवरच द्या.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "वहिनी, शिबिर कसं झालं?" आणि मी "झालं" म्हणून फोन ठेवला. तुम्हाला राग आला असेल. पण भावजी, आमच्या घरात फोन एकच आणि तो ह्यांच्या, म्हणजे तुमच्या अण्णांच्या, खुर्चीजवळ. मी बोलायला लागले की हे टीव्हीचा आवाज बंद करून ऐकतात. मेसेज लिहावा तर आधी तेच वाचतात आणि माझं शुद्धलेखन सुधारून मग पाठवतात. (आयुष्यभर पीटीचे मास्तर होते, पण ऱ्हस्वदीर्घाची खोड मराठीच्या मास्तरांपेक्षा जास्त. "लिहिताना हाय-न्हाय चालणार नाही, चंदना," हे लग्नानंतरचं पहिलं वाक्य मला आठवतंय. दुसरं आठवत नाही, म्हणजे तेही तसलंच असणार.) म्हणून हे पत्र. ते झोपलेत तोवर लिहिते आणि उठायच्या आत लिफाफ्यात घालते.

तुम्हाला शिबिराचं काय सांगायचं, तुम्ही पहिल्या वर्षीपासूनचे. गगनबावड्याच्या अलीकडच्या वाडीतली तीच शाळा, तेच कौलारू दोन वर्ग, तीच विहीर, आणि सूर्य बुडायच्या आत जेवण. (पोरं सहाला जेवतात आणि आठला परत भुकेजतात, म्हणून मी गूळ-शेंगदाण्याचा डबा दाराआड ठेवते आणि तो चोरीला गेला की आरडाओरडा करते. चोरून खाल्लेलं अंगी लागतं, हे तुमच्या अण्णांचंच मत.) पोहणं, झाडांची नावं, लेझीम, कपडे धुणं, सगळं आहे तसं आहे. पण पोरं येतात ती ह्या कशासाठी येत नाहीत. येतात ती शेवटून दुसऱ्या दिवसासाठी. तो दिवस, ज्या दिवशी सर वाट चुकतात.

गेल्या चाळीस वर्षांत किती पोरांनी हा दिवस काढला असेल, आणि भावजी, एकानंही पुढच्याला हे गुपित फोडलं नाही. सख्ख्या भावानं भावाला सांगितलं नाही. हल्ली तर त्याच पोरींची पोरं यायला लागलीत. त्यांच्या आया फोन करतात, आवाज खाली आणून विचारतात, "सर अजून वाट चुकतात न्हवं?" मी म्हणते, चुकतात की. मग निवांत होऊन पोराचं नाव घालतात. म्हणजे आईला ठाऊक, पोराला नाही. पोरगं बिचारं जंगलात रडणार हे ठाऊक असून आई हौसेनं बॅग भरते. त्या दिवशी सरांनी सकाळी सगळ्यांना घेऊन निघायचं, ओढा ओलांडून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर चढायचं, कारवीच्या झुडपांत शिरायचं, आणि त्या शेंदूर लावलेल्या धोंड्याच्या वळणावर थांबून टोपी काढायची, डोकं खाजवायचं आणि म्हणायचं, "पोरांनो, वाट चुकली. आता मला विचारू नका. मलाबी न्हाय म्हाईत." (लिहिताना चालत नाही, पण जंगलात चालतं.) मग खाली बसायचं. पोरं आधी हसणार, मग एकमेकांवर ओरडणार, एखादं रडणार, आणि मग कुणीतरी म्हणणार की ओढा कुठंय बघूया. तिथून पुढं पोरं पुढं आणि सर मागं. दुसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी सर उठून सांगणार, "वाट मला ठाऊक होती. तुम्हाला ठाऊक व्हावी म्हणून चुकलो." की झालं शिबिर.

तुमच्या वाट्याला तो मान एकदाच आला. ह्यांना कांजिण्या निघाल्या होत्या ते वर्ष. तुम्ही खरंच चुकलात, घसा फोडून सांगितलंत की मी सोंग करत नाही, तर जुनी पोरं म्हणाली, सरांच्यापेक्षा भारी करतात ओ हे. सगळी वरात घाट उतरून भुईबावड्यात निघाली आणि संध्याकाळच्या एसटीनं प्रत्येकाच्या मांडीवर एक फणस असे परत आलात. मी त्या फणसांची भाजी चार दिवस केली. अजून मला तो वास आला की तुमची आठवण येते. (हे जाऊबाईंना दाखवू नका.)

तर आता ह्यांच्या तब्येतीबद्दल. तुम्हाला मी फोनवर "थोडं विसरतात" एवढंच सांगितलं होतं. थोडं ते दिवाळीपर्यंत होतं. संक्रांतीला लक्ष्मीपुरीच्या बाजारात तूरडाळ आणायला गेले आणि तीन छत्र्या घेऊन आले. बरं, जानेवारीत. मी विचारलं, डाळ? तर म्हणाले, पाऊस थांबला की आणतो. मग एकदा स्कूटर चोरीला गेली म्हणून चौकीत तक्रार द्यायला गेले. ती स्कूटर आपण लेकीच्या, ऐश्वर्याच्या लग्नाआधीच विकलेली. चौकीतला हवालदार निघाला शिबिरातला जुना पोरगा. त्यानं एक अक्षर न हसता सगळी तक्रार लिहून घेतली, रंग विचारला, नंबर विचारला (नंबर बरोबर सांगितला), चहा पाजला आणि स्वतः घरी सोडून गेला. जाताना दारात माझ्या पाया पडला. तेव्हापासून असंच चाललंय. हे कुठंही गेले तरी कुणीतरी घेऊन येतं. एकदा रंकाळ्यावरून भेळवाला घेऊन आला, एकदा एक डॉक्टरीणबाई आपल्या गाडीतून. सगळी शिबिरातली. मी कुणाची नावं विचारत नाही, नुसती आत या म्हणते. दवाखान्यात तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मी ते लक्षात ठेवलं नाही. घरात एकानं विसरलं तेवढं पुरे.

ऐश्वर्या वारणानगरच्या कॉलेजात शिकवते, दर रविवारी येते, तुम्हाला ठाऊक आहे. मार्चमध्ये तिनं विषय काढला की यंदाचं शिबिर तिच्या हाती द्यावं. हे तयार झाले, लगेच. मला वाटलं भांडण होईल आणि मी त्या तयारीनं भाकरी जास्त टाकल्या होत्या. (भांडणात ह्या घराला भूक लागते.) भांडण झालं, पण दुसऱ्याच गोष्टीवर. तिचं म्हणणं, सगळं करीन, वाट चुकण्याचं सोंग तेवढं बंद. आताचे दिवस तसे राहिले नाहीत, आईबाप पोराला गल्लीच्या टोकाला एकटं सोडत नाहीत, आणि आपण त्यांच्या पोरांना जंगलात नेऊन सांगायचं की वाट चुकली? उद्या कुणाचा पाय मुरगळला तर? मला विचाराल तर ती चूक बोलत नव्हती. हे जेवले, हात धुतले, आणि तिला म्हणाले, "तू बारा वर्षांची असताना तूच वाट काढली होतीस. त्या दिवसापासून तुला मी कधी घ्यायला आलो नाही, सोडायला आलो नाही." ती म्हणाली, आप्पा, ते वेगळं. पण मग दोघांत तह झाला. यंदा शेवटचं हे नेतील, ती मागून चालेल, शिकून घेईल, आणि पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते ती ठरवेल.

शिकवणी मात्र कडक झाली. एप्रिलभर रविवारी दुपारी बापलेक कागदावर ओढे आणि वळणं काढत बसायचे. वाट चुकणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. कुठं दम लागू द्यायचा, कुठं गप्पा सुरू करायच्या म्हणजे पोरांचं लक्ष वाटेवर राहत नाही, कुठं मुद्दाम एक फांदी मोडून ठेवायची. सारखं एकच सांगायचे, "चुकायचं असेल तर वाट तोंडपाठ पाहिजे." तिची तोंडी परीक्षा घ्यायचे आणि ती नापास व्हायची. आणि उठताना मला विचारायचे, चंदना, ही मुलगी कोण, हुशार आहे. (मस्करी करत असतील असं मी धरून चालत होते. ह्यांची मस्करी कधीच नीट कळायची नाही.)

मी कधी त्या दिवशी बरोबर गेले नाही. मी आणि चुली. यंदा मात्र म्हटलं, चिवड्याचा डबा मीच घेऊन येते, पोरांकडं दिला की वाटेत संपतो. ऐश्वर्यानं माझ्याकडं बघितलं आणि आपले जुने बूट मला घालायला दिले. नऊवारीवर ते बूट घालून मी सड्यावर चढले, भावजी. पोरांना इतका आनंद झाला की वाघ दिसला असता तरी तेवढा झाला नसता. त्यांत जोतिबाच्या डोंगरावरची एक दहा वर्षांची पोरगी होती, वर्षाराणी. आईचं देवळाच्या पायऱ्यांवर नारळ-गुलालाचं दुकान. आवाज असा की शिट्टीची गरज नाही. पहिल्या दिवशीच मला म्हणाली, आज्जी, तुमच्या आमटीत मीठ न्हाय. बरोबर होतं तिचं.

ओढ्यापर्यंत सगळं झकास झालं. हे पुढं, काठी हातात, झाडांची नावं सांगतायत. अंजन, हिरडा, ऐन, एक नाव चुकलं नाही. करवंदं खाऊन पोरांच्या जिभा काळ्या झाल्या. शेंदराचा धोंडा आला. ऐश्वर्या मागं थांबली, तिला वाटलं आता टोपी काढणार. हे थांबले नाहीत. सरळ पुढं गेले. ती मला म्हणाली, जागा बदलली असेल, दर काही वर्षांनी बदलतात. मलाही तेच बरं वाटलं. मग कारवी आली, मग एक उतार, मग परत चढ, तीन वाटा फुटल्या त्यांतली मधली धरली. ऐश्वर्या फांद्या मोडत चालली होती ती हळूहळू मोडायची थांबली, कारण आता आपण कुठं आहोत हे तिलाही कळत नव्हतं. तिचा फोन तिनं दोनदा वर धरून बघितला आणि खिशात टाकला.

एका मोकळ्या जागी हे थांबले. टोपी काढली. जुन्या पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं, आता म्हणतात बघ. हे म्हणालेच नाहीत. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चंदना, आपण कुठं आलोय?"

भावजी, पोरांसमोर ह्यांनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही. शिबिरात मी 'बाई'. मी त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या हातातला डबा खाली ठेवला. मग ते पोरांकडं वळले आणि म्हणाले, "पोरांनो, वाट चुकली." आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होतं. आणि दुसऱ्या वर्षाला आलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक तर म्हणालं, यंदा सरांनी लईच भारी केलं.

टाळ्या वाजत होत्या आणि हे त्या पोरांकडं बघत हसायचा प्रयत्न करत होते. आपण काय चांगलं केलं हे न कळता हसतात तसं. मला वाटलं, आता ऐश्वर्या सांगणार. खरं सांगून टाकणार, आणि मग पोरं घाबरणार, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार की मगदूम सर पोरांना घेऊन खरंच चुकले. शिबिर तिथंच संपलं असतं, आणि ती तर मार्चपासून हेच म्हणत होती. तिनं ओठ चावला. मग बापाच्या हाताला धरून त्यांना एका दगडावर बसवलं, स्वतः शेजारी मातीत बसली आणि पोरांना म्हणाली, "आता मला विचारू नका. मलाबी न्हाय म्हाईत."

ते खरंच होतं. तिच्या तोंडून ते वाक्य ऐकून ह्यांनी तिच्याकडं असं बघितलं, की ती परीक्षेत पास झाली.

मग नेहमीचं झालं. आधी हसणं, मग आरडाओरडा. उन्हावरून पूर्व कुठली ह्यावर दोन तट पडले. एक लहानगं रडायला लागलं त्याला मी चिवडा दिला, तर चिवडा पाहून आणखी दोघं रडायला लागली. ह्या सगळ्यात वर्षाराणी नव्हती. ती दगडाजवळ उभी राहून ह्यांच्याकडं टक लावून बघत होती. मग माझ्याकडं आली आणि तिचा तो आवाज एवढासा करून म्हणाली, "आज्जी, सर खरंच चुकल्यात न्हवं? आमच्या डोंगरावर यात्रंत माणसं चुकत्यात. त्यांची तोंडं अशीच असत्यात."

तिनं जाऊन ह्यांचा हात धरला. यात्रेत आईनं शिकवलेलं असणार. म्हणाली, "सर, माझा हात सोडू नगासा." आणि हे इतके शहाण्यासारखे "नाही सोडत" म्हणाले, की मला डब्याचं झाकण लावायचं निमित्त करून खाली बघावं लागलं.

शेवटी शेण सापडलं. पोरांचं म्हणणं, शेण म्हणजे जनावर, जनावर म्हणजे गाव. आपली पद्धतच तशी, पोरं सांगतील तिकडं मागून जायचं. निघालो शेणामागं. शेण ताजं ताजं होत गेलं तशी पोरांची उमेद वाढली, आणि एका वळणावर गावाऐवजी गवा निघाला. काळा, थोरला, वाटेच्या मधोमध. मी आजवर ज्यांची ज्यांची नावं घेतली नव्हती त्या सगळ्या तीर्थंकरांची घेतली. ऐश्वर्या दगड झाली. पोरं दगड झाली. आणि भावजी, हे मात्र जागे झाले. दुसरा शब्द मला सुचत नाही. वर्षाराणीचा हात न सोडता दुसऱ्या हातानं सगळ्यांना खाली बसायची खूण केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कुणी पळायचं नाही. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. म्हातारा आहे तो, कळपातून मागं राहिलेला. त्याला त्याच्या वेळेनं जाऊ द्या." तो माझा नवरा होता, शिबिराच्या पहिल्या वर्षीचा. गव्यानं आमच्याकडं बघितलं, माझ्या बुटांकडं जरा जास्त बघितलं असं मला वाटलं, आणि कारवीत निघून गेला. आम्ही उठलो तेव्हा ह्यांनी मला विचारलं, पोरं कुणाची आहेत ही सगळी?

पुढं लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. तो आधी वर्षाराणीनंच ऐकला. हॉर्नच्या दिशेनं पोरं धावली आणि आम्ही रस्त्याला लागलो, शाळेपासून चांगलं दोन गावं पलीकडं. एका दुधाच्या टेम्पोनं आम्हाला कॅनांच्या मध्ये भरून आणून सोडलं. सूर्य बुडायला टेकला होता. सकाळची आमटी गरम करून वाढली. मीठ नव्हतंच. एकानंही तक्रार केली नाही.

आता खरा घोर दुसऱ्या दिवसाचा. निरोपाला आईबाप येतात, सगळे अंगणात बसतात, त्यांतले निम्मे जुने शिबिरातले. सर उठून ते शेवटचं वाक्य बोलणार म्हणून कान टवकारून बसलेले. हे उठले. पोरांच्या अभ्यासाबद्दल बोलले, पाणी उकळून प्यायचं बोलले, आणि बसले. वाट चुकल्याचं काही नाहीच. त्यांच्या लेखी तो दिवस झालाच नव्हता. पोरं म्हणायला लागली, सर, सांगा की. काय सांगू, असं ह्यांनी खरोखर विचारलं. आईबापांत कुजबुज सुरू झाली. तो हवालदारही आला होता पोराला न्यायला, तो मान खाली घालून बसला.

ऐश्वर्या उठली. तुम्ही तिला ओळखता, लहानपणी दहीभांडं फोडलं तर फोडलं म्हणून स्वतः येऊन सांगायची, खोटं बोलायचं तिला जमलंच नाही कधी. ती बापाच्या मागं उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सरांना वाट ठाऊक होती. तुम्हाला ठाऊक व्हावी म्हणून चुकले." तिचा आवाज 'होती'वर जरासा अडकला. ऐश्वर्यानं वर्षाराणीकडं बघितलं, कारण पोरांत खरं ठाऊक असलेली तेवढीच एक, हे मी तिला रात्री सांगितलं होतं. त्या पोरीनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली, आणि अशी वाजवली की दुसऱ्या कुणाची ऐकू येऊ नये.

जाताना आईच्या स्कूटीवर मागं बसून मला ओरडून म्हणाली, फुडच्या वर्षी मी येणार हाय, मीठ मी घालीन. तिच्या आईनं विचारलं, काय गं, जंगलात काय झालं? ती म्हणाली, "कायबी न्हाय. ते सांगायचं नसतंय." ऐश्वर्या पुढच्या वर्षीचा दिवस ठेवणार आहे. मला तिनं तसं सांगितलं नाही, पण गेल्या रविवारी ती एकटीच गाडी घेऊन गगनबावड्याला गेली होती आणि येताना तिच्या ओढणीला कारवीची पानं होती.

हे आता मजेत आहेत. रोज सकाळी शिबिराची पिशवी भरतात. मी विचारते, कुठं? तर म्हणतात, शिबिर आलं ना जवळ. मी म्हणते, मे महिन्यात. बरं म्हणतात आणि पिशवी रिकामी करतात. टॉवेलाची घडी अजून तशीच करतात, कोपऱ्याला कोपरा. मी पूर्वी ह्यांना म्हणायचे की घरात जरा कमी शिस्त दाखवा. आता ती घडी मी मोडत नाही. दुपारी तो टॉवेल तसाच ठेवते आणि दुसऱ्यानं हात पुसते.

तर असं झालं शिबिर. हसण्यावारी घ्या. तुम्हाला सगळं कळावं म्हणून लिहिलं, काळजीनं नव्हे. आम्ही दोघं ठीक आहोत, ऐश्वर्या येऊन जाऊन असते, गावातली माणसं आपली आहेत. तुम्ही ह्या वयात प्रवासाची दगदग करून येण्याची काही तसदी घेऊ नये. जाऊबाईंच्या गुडघ्याला जपा. पोरांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
चंदना

ता. क. – तसदी घेऊ नये असं वर लिहिलंय ते रीत म्हणून. या. संध्याकाळी समोरच्या शाळेची पोरं सुटली की हे फाटकात जाऊन उभे राहतात आणि विचारतात, भूपाल आला का? पहिल्यांदा मी खरं सांगितलं की भूपालभावजी हुबळीला असतात. तर असे संतापले, म्हणाले, एवढ्या लहान पोराला एकट्याला हुबळीला धाडलं कुणी? जेवले नाहीत त्या दिवशी. आता मी म्हणते, येईल एवढ्यात. पोरं संपेपर्यंत उभे असतात.

ता. क. दुसरा – लिहायला संकोच वाटतो, पण मुख्य मागणं हेच. येताना मिशी काढून याल का? ज्या भूपालची ते वाट बघतात त्याला मिशी नाही. हाफ चड्डीचं मी म्हणणार नाही. तुमची मिशी म्हणजे जाऊबाईंचा जीव की प्राण आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांना विचारूनच ठरवा. पुन्हा वाढेल ती. लवकर ठरवा पण.

ता. क. तिसरा – आत्ताच उठले. मी लिहिते आहे ते बघून गेले, पाणी मागितलं. भावजी, मिशी काढवत नसेल तर राहू द्या. तशीच घेऊन या. मिशीत तुम्ही हुबेहूब मामंजींसारखे दिसता. हे आता त्यांचीही वाट बघतात.